डोळे मिटा

आमच्या धंद्यात दिवसभरात सर्वांत जास्त वेळा म्हटलं जाणारं वाक्य म्हणजे ‘डोळे मिटा’. थ्रेडिंग असो, फेशियल असो, आयलायनर असो की नवरीच्या अंबाड्यावर मारायचा स्प्रे, सुरुवात या दोन शब्दांनी होते. २००१ साली साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत पार्लर सुरू केलं, तेव्हापासून मी ते किती हजार वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. समोरची बाई डोळे मिटते आणि आपण कामाला लागतो. पापणी मिटायलाही एक नस लागते, ती नस एका रात्रीत गप्प बसू शकते, हे मला २००८ च्या फेब्रुवारीत कळलं.

आदल्या रात्री डाव्या कानामागे ठणकत होतं. सकाळी चूळ भरली तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर आलं. चहा बेचव लागला. स्वयंपाकघरात ताट पडलं तर त्याचा आवाज डाव्या कानात घण घातल्यासारखा गेला. आरशात पाहिलं. डावी भुवई खाली उतरली होती, डावा गाल इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता आणि तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं. मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती म्हणाली, “आई, तू डोळे मिटतेस ना, तेव्हा तुझा एकच मिटतो. दुसऱ्याचं काळं वर जातं आणि पांढरं तसंच राहतं.”

घरात पहिलं निदान झालं ते ‘वारं लागलं’ असं. आदल्याच दिवशी मी पुण्याहून एसटीनं खिडकीशी बसून आले होते, त्यामुळे सगळ्यांना ते पटलंही. शेजारच्या एका काकूंनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. ते आम्ही केलं नाही, पण तेलाचं मालिश आणि तव्यावर गरम केलेल्या फडक्याचा शेक यात सहा दिवस गेले. सातव्या दिवशी डॉक्टरांपुढे बसले. त्यांनी कपाळाला आठ्या घालायला सांगितलं. उजव्या बाजूला आठ्या पडल्या, डावी बाजू कोरीच राहिली. त्यावरून त्यांनी समजावलं, की मेंदूतल्या झटक्यानं तोंड वाकडं होतं तेव्हा कपाळ बहुधा शाबूत राहतं. माझी नस मात्र मेंदूबाहेर, कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात सुजून दबली होती. या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदानं १८२१ साली या नसेचं काम मांडलं, त्याच्यावरून हे नाव पडलं. दर वर्षी लाखात साधारण २० ते ३० जणांना हा आजार होतो. दहातले सातजण औषधाविनाही पूर्ण बरे होतात, आणि स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तर हे प्रमाण आणखी वाढतं. माझे ७२ तास मालिश करण्यात गेले होते. डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. मी स्वतःला बराच काळ दिला.

तीन आठवड्यांत हालचाल दिसू लागली तर चेहरा बहुतेक पूर्ण परत येतो. माझ्या गालात पहिली थरथर जाणवली ती साडेतीन महिन्यांनी. उरलेल्या तिघांत मी होते.

चार महिने पार्लर बंद ठेवलं. साताऱ्यात स्कूटीवरून जाणाऱ्या बायका स्कार्फ बांधतात, त्यामुळे रस्त्यावर तोंड झाकणं सोपं गेलं. घरात अवघड होतं. पार्लरवालीचा चेहरा म्हणजे तिची पाटी, असं मी इतरांना सांगत आले होते. सासूबाई काळजीपोटीच म्हणाल्या, “आता दुसरं काहीतरी बघ बाई, लोक तुझ्याकडे सजायला कशा येतील?” त्यांचं चुकलं नव्हतं. माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्या परत आल्याच नाहीत.

बंद दाराआड मी स्वतःच्या चेहऱ्यावर काम सुरू केलं. पहिला धडा काजळानं दिला. आमच्याकडे काजळ पापणीच्या आतल्या कडेला भरतात, आणि मला तर शाळेपासून तशी सवय. डावी खालची पापणी सैल पडून जराशी बाहेर वळलेली, त्यामुळे काजळ लावायला उलट सोपं गेलं. तासाभरात डोळा चिकट, काळा, लालभडक. निरोगी डोळा मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो आणि दर वेळी पाण्याचा एक हात फिरवून कण बाहेर काढतो. माझ्या डोळ्यात गेलेलं तिथंच राहत होतं. तेव्हापासून डाव्या डोळ्यात काजळ नाही. वरच्या पापणीच्या केसांलगत, बाहेरच्या अर्ध्या भागात तेवढी पेन्सिल. चमकी नाही, भुरभुरणारी सुकी आयशॅडो नाही, चिकटवायच्या पापण्या नाहीत. मस्कारा लावलाच तर फक्त वरच्या केसांना, आणि तोही कोमट पाण्यानं निघणारा. वॉटरप्रूफ काढायला डोळा चोळावा लागतो, आणि हा डोळा चोळायचा नसतो.

दुसरा धडा केसांचा, तो महागात पडला. चेहऱ्याची एक बाजू लपवायची तर केस पुढे घ्या, हे कुणीही सांगेल. मीही गिऱ्हाइकांना तेच सांगत असे. मी डाव्या बाजूला लांब फ्लिक्स कापल्या आणि डोळ्यावर सोडल्या. आरशात छान दिसत होतं. तीन आठवड्यांनी डोळा इतका दुखू लागला, की उजेड सहन होईना. नेत्रतज्ज्ञांनी पिवळा थेंब घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं आणि बुबुळावर ओरखडे असल्याचं सांगितलं. केसांची टोकं दिवसभर उघड्या डोळ्यावर घासत होती. पापणी लवत असती तर मला पहिल्या मिनिटाला कळलं असतं. घरी येऊन त्या फ्लिक्स मी मागे घेऊन पिनांनी बसवल्या आणि वाढू दिल्या. आजही कुणी मला ‘लकव्याच्या बाजूला केस पुढे सोडा’ असं सुचवलं, की मी त्यांना थांबवते. केस त्या बाजूनं मागेच हवेत. भर द्यायचा तर टाळूवर द्यावा, मागे द्यावा. भांग मधोमध काढला, की तो पट्टीनं आखल्यासारखा चेहऱ्याचे दोन भाग करतो आणि पाहणारा आपोआप डावं-उजवं ताडून बघतो. दोन बोटं बाजूला सरकवला तरी पुष्कळ फरक पडतो. ड्रायरची गरम हवा चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही, स्प्रे मारताना डोळ्यावर तळहात धरायचा, आणि केस धुताना पाठीमागे मान टाकूनच धुवायचे.

पार्लर पुन्हा उघडलं तेव्हा दारावर काही लिहिलं नाही, पण बातमी पोचलीच. वर्षभरात माझ्यासारखाच चेहरा झालेली एक बाई आली, मग दुसरी. डॉक्टरांनी पाठवलेली एखादी, कुणाच्या तरी नणंदेनं पाठवलेली एखादी. त्यातली एक मी विसरू शकत नाही, कारण तिच्याबाबतीत माझं चुकलं.

तिच्या भावाचा साखरपुडा होता. तिचा उजवा चेहरा दोन वर्षांपासून तसाच होता. मी अडीच तास काम केलं. बसलेली भुवई खालून थोडी काढून वरून भरली. सपाट गालावर नाकापासून ओठाकडे येणारी वळी गडद रंगानं रेखाटली. ओठाचा उतरलेला कोपरा कन्सीलरनं झाकून बाह्यरेषा वर घेतली. ती आरशापुढे स्थिर बसली होती आणि दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या होत्या. मला माझाच अभिमान वाटला. मग तिच्या बहिणीनं काहीतरी गमतीचं सांगितलं आणि ती हसली. डावी वळी खोल गेली, उजवी रंगवलेली होती तिथंच राहिली. ओठ एकीकडे सरकले आणि मी काढलेला कोपरा गालावर डागासारखा उरला. तिनं ते आरशात पाहिलं. काही बोलली नाही. नंतर तिच्या बहिणीकडून कळलं, की मेकअप बिघडू नये म्हणून ती संध्याकाळभर हसली नव्हती. सख्ख्या भावाच्या साखरपुड्यात. तिच्या हसण्याला मीच कुलूप लावलं होतं.

त्यानंतर माझी पद्धत पूर्ण बदलली. आता खुर्चीत बसलेल्या बाईशी मी आधी पंधरा मिनिटं नुसती बोलते. शाळेचं, मुलांचं, मागच्या गणपतीचं. ती बोलते, हसते, चिडते आणि मी पाहत राहते, की कुठलं काय हलतं आणि कुठलं नाही. जे हलतं त्याच्यावर रेषा ओढायची नाही. खोटी वळी कधीच काढायची नाही. जमलं तर निरोगी बाजूची खोल वळी किंचित उजळ करायची, म्हणजे तिची सावली कमी पडते. ओठांचा रंग ओठांच्याच हद्दीत. मधोमध गडद, कोपऱ्यांकडे विरत नेलेला, आणि तकतकीत नाही, कारण सैल कोपऱ्यातून लाळ येते आणि ग्लॉस तिच्याबरोबर वाहतो. ब्लशर लावताना आम्ही ‘हसा’ म्हणतो आणि वर आलेल्या गालावर ब्रश फिरवतो. इथं ते चालत नाही. गालाच्या हाडावर बोट ठेवून जागा शोधायची. कपाळावर चंद्रकोर काढतानाही तेच. एक भुवई उतरलेली असते, त्यामुळे भुवयांचा मध्य फसवतो. नाकाचं टोक आणि वरच्या ओठाची खाच निरोगी बाजूला ओढलेली असते, तीही फसवते. डोळ्यांचे आतले कोपरे आणि त्यांच्यामधलं नाकाचं हाड तेवढं जागेवर असतं. कुंकवाची जागा तिथून मोजायची.

आणि बसलेला चेहरा कायम तसाच राहत नाही, हेही मला स्वतःवरूनच कळलं. पहिल्या वर्षी माझा डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा दिसे. म्हणून मी डाव्या पापणीवर लायनर जाड काढी. दीड वर्षानं लक्षात आलं, की तोच लायनर आता डोळा आणखी बारीक करतोय. नस परत वाढताना तिचे धागे चुकीच्या स्नायूंना जाऊन मिळतात. ओठ हलवला की डोळा मिटतो, आणि सपाट असलेला गाल आता ताठ होऊन वळी उलट खोल पडते. मला तर जेवताना डाव्या डोळ्यातून पाणी येऊ लागलं. लाळेकडे जायचा धागा अश्रूंच्या ग्रंथीकडे गेला होता. सगळ्यांना वाटे, मी ताटावर बसून रडते. मधल्या काळात कुणाकुणाच्या सांगण्यावरून मी फुगे फुगवत होते, तासन् तास च्युइंगम चघळत होते. पुढे भेटलेल्या फिजिओथेरपिस्टनं ते सगळं बंद करायला लावलं. जोर लावून केलेल्या व्यायामानं हे चुकीचे धागे एकदमच काम करायला शिकतात, म्हणाल्या. आरशापुढे बसून ओठ अगदी गव्हाएवढा हलवायचा आणि तेवढा वेळ डोळा उघडा राहील याकडे लक्ष द्यायचं. रोज दहा मिनिटं, कित्येक महिने. त्यानं फरक पडला. माझ्याकडे येणाऱ्या काहीजणी ताठ बाजूसाठी बोटॉक्सची सुई घेतात. तिचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, म्हणून मी त्यांना सुई कधी घेतली ते आधी विचारते. जानेवारीतला चेहरा आणि एप्रिलमधला चेहरा यांना एकच मेकअप चालत नाही.

कराडजवळच्या एक शिक्षिका आमच्याकडे नियमित येत. त्यांच्या ऐकण्याच्या नसेवरची गाठ काढताना चेहऱ्याची नस गेली होती. कानामागे व्रण, भोवतीचे केस काढलेले, त्या कानानं ऐकूही येत नव्हतं. पापणी मिटावी म्हणून डॉक्टरांनी वरच्या पापणीत साधारण ग्रॅमभर सोन्याचं वजन शिवलं होतं. बाकी सोनं त्यांनी अंगावरून उतरवून ठेवलं होतं, हे तेवढं राहिलं, असं त्या म्हणायच्या. पापणीखाली त्याचा उंचवटा दिसतो. त्यावर चमकदार रंग लावला की तो उठून येतो, मातकट तपकिरी रंगात मिसळून जातो. पण त्यांच्याकडून मी शिकले ते रंगाचं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी त्यांच्या बहिऱ्या बाजूला उभी राहून बोलत होते, आणि त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. तिसऱ्या वेळी त्यांनी धीर करून सांगितलं, “ताई, मला यातलं काहीच ऐकू आलेलं नाही.” त्या दिवसापासून कुठल्या बाजूला उभं राहू, हे मी आधी विचारते. त्यांच्या बुबुळाची संवेदनाही कमी झाली होती. डोळ्यात कण गेला तरी कळत नसे. अशा डोळ्याला नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मी काहीच लावत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

लग्नाची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. लग्नाला अकरा दिवस उरलेले असताना एका मुलीचा डावा चेहरा गेला. उपचार वेळेत सुरू झाले होते, पण अकरा दिवसांत चेहरा परतणार नव्हता. मुलाकडच्यांनी तारीख पुढे ढकलायची तयारी दाखवली. मुलगीच नको म्हणाली. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “कुणाला कळणार नाही असं करा.” ते मला करता येणार नाही, असं मी सांगितलं. तिला त्रास होणार नाही आणि ती मोकळेपणी हसेल, एवढं करेन म्हणाले.

आपल्या लग्नाचे विधी मी त्या दिवशी पहिल्यांदा न मिटणाऱ्या डोळ्याच्या नजरेनं पाहिले, आणि घाबरले. हळद डोळ्यात जाणार, होमाचा धूर जाणार. आणि अक्षता! शंभर-दोनशे माणसं उत्साहानं तांदूळ फेकतात, त्यातला एक दाणा उघड्या बुबुळावर बसला तर? मी तिच्या भावांना गोळा केलं आणि अक्षता वाटतानाच सांगायला लावलं, की नवरीवर समोरून फेकू नका, मागून डोक्यावर टाका. गुरुजींनी स्वतः माइकवरून सांगितलं. हळद डाव्या बाजूला गालाच्या वर चढू दिली नाही. होमाच्या वेळी तिच्या बाजूनं धूर पलीकडे जाईल असा टेबलफॅन लावला. डोळ्याच्या डॉक्टरांनी तिला एक युक्ती शिकवली होती. नजर खाली घेतली की वरची पापणी आपोआप बरीच उतरते. मंगलाष्टकांच्या वेळी नवरी खाली मान घालूनच उभी असते, त्यामुळे त्यात कुणाला वेगळं काही वाटलं नाही. दर तासाला मी तिच्या डोळ्यात थेंब घातले आणि टिशूनं खालची कड टिपली.

दागिन्यांनी त्या दिवशी मोठी मदत केली. आपली नथ डाव्या नाकपुडीतच असते. टोचलेल्या नाकातली जड नथ तिला नको होती, सैल नाकपुडी ओढली जात होती. हलकी दाबाची नथ घेतली, तिच्या मोत्यांची सावली नेमकी ओठाच्या डाव्या अर्ध्यावर पडली. मुंडावळ्यांचे सर दोन्ही कानशिलांवरून खाली आले आणि भुवयांमधला उंच-सखलपणा विसरायला झाला. डावा सर डोळ्यासमोर झुलू नये म्हणून मी तो पिनेनं केसांत अडकवला. अंबाडा जरा उंच आणि भरदार घातला, गजरा उजवीकडून वेढला. चेहऱ्यावर नेहमीपेक्षा निम्मासुद्धा रंग नव्हता. ती पंगतीत उखाणा घेताना खळखळून हसली. तोंड वाकडं झालं आणि ते फोटोंतही आहे. दोन महिन्यांत तिचा चेहरा पूर्ण बरा झाला. फोटो दुरुस्त करून देतो, असं फोटोग्राफरनं सुचवलं होतं, तेव्हा तिनं नको सांगितलं.

माझा चेहरा पूर्ण परत आला नाही. थकले की डावा डोळा बारीक होतो, शिट्टी अजून वाजत नाही. आता नवीन गिऱ्हाईक माझ्याकडे निरखून पाहू लागलं, की मीच आधी सांगते, “चेहऱ्याची नस गेली होती, २००८ साली.” पुढचं बोलणं सोपं होतं.

गेल्या पावसाळ्यात एक चाळिशीची बाई भुवया करायला आली. दोरा दातांत धरला आणि सवयीनं म्हणाले, “डोळे मिटा.” उजवी पापणी मिटली, डावी काडीभर उघडी राहिली. मी दोरा काढला. भुवया वर उचलायला लावल्या, दात दाखवायला लावले, दोन्ही हात समोर धरायला लावले. हात सरळ होते, बोलणं स्वच्छ होतं, डावं कपाळ मात्र हललं नाही. ती म्हणाली, “सकाळपासून जरा जड वाटतंय, रविवारी दाखवीन.” तो मंगळवार होता. मी पार्लरला कुलूप घातलं, तिला माझ्याच स्कूटीवर बसवलं आणि डॉक्टरांकडे नेलं. त्याच रात्री गोळ्या सुरू झाल्या. पाच आठवड्यांनी ती राहिलेल्या भुवया करून घ्यायला आली आणि मी म्हटल्यावर तिनं दोन्ही डोळे मिटले.

पार्लर चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुमच्या खुर्चीत बसलेल्या बाईची एक पापणी मिटत नसेल, तर दोरा खाली ठेवा. हात लुळा पडत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर एक मिनिटही न थांबता मोठ्या दवाखान्यात न्या. तसं काही नसलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. मालिश करू नका. तिच्याकडे तीनच दिवस असतात.